चौथ्या खंडातलं शेऱ्यांचं पान

४ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. गुडघा कुरकुरतो, म्हणून कागदावरच घालतोय.

पत्र कामाचं आहे, घाबरू नकोस. फोनच केला असता, पण मागच्या वेळी 'मी बॉयलरवर आहे' म्हणून ठेवलास, त्याला दोन वर्षं झाली. एवढ्यात बॉयलरही निवतो. त्यामुळे कारखान्याच्या पत्त्यावर लिहितोय.

आमच्या वाचनालयाला साठ वर्षं होतायत आणि ग्रंथपाल बाईंच्या डोक्यात पुस्तिका काढायचं आलंय. विषय काय, तर 'राखपंखी'. सातही खंडांवर वाचकांनी आजवर जे जे लिहिलं ते सगळं छापायचं. पुस्तकं फाटली की माझ्याच हातात येतात, तेव्हा शेरे उतरवून काढायचं कामही माझ्याच गळ्यात. प्रस्तावनाही मीच लिहायची म्हणे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना खळ लावली, आता स्वतः लिही. हे बघ, जमलंय का सांग:

'आपल्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवलेला असतो. वाचकाने त्यावर आपले मत लिहावे, खाली नाव घालू नये, फक्त सभासद क्रमांक. यालाच आपण शेऱ्यांचे पान म्हणतो. सर्वांत जास्त शेरे पडले आहेत ते राखपंखी मालिकेवर. एका ग्रहाच्या अर्ध्या भागावर कायम ऊन, अर्ध्यावर कायम अंधार. मधल्या पट्ट्यात माणसे राहतात. त्यांच्या पूर्वजांनी प्रयोगशाळेत ड्रॅगन घडवले, ते उन्हाच्या बाजूने पोटात उष्णता भरून घेतात आणि अंधारातल्या गावांना नेऊन देतात. हे विज्ञान आहे की परीकथा, यावर आपले सभासद चाळीस वर्षे भांडत आहेत.'

बाईंना आवडलं. 'परीकथा' शब्दावर मोजणीदार काका रुसतील म्हणाल्या. सभासद ५८, आठवतात? त्यांनी पहिल्या खंडावर लिहिलंय, 'एवढी उष्णता साठवायची तर ड्रॅगनचे पोट निदान तलावाएवढे हवे. लेखकाने गणित तपासावे.' आणि सातव्यावर, 'गणित अजून तपासलेले नाही. तरी चौथ्यांदा वाचत आहे.' दाताच्या डॉक्टरीणबाईंना ड्रॅगनची अक्कलदाढ पटलेली नाही. सहाव्या खंडात ३०५ नं लिहिलंय, 'ज्यांनी हा खंड दोन महिने अडकवला त्यांनी माणुसकी दाखवावी.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'दाखवणार नाही. - ३०६.' हे दोघं नवराबायको आहेत. एका घरात राहून पुस्तकात भांडतात! एका मुलीनं दुसऱ्या खंडात लिहिलंय, 'मोठी झाल्यावर मी ड्रॅगन होणार आहे. स्वार नाही.' हिचं काय झालं ते मला कळलं पाहिजे बुवा.

तर विनंती अशी की तूही शंभर शब्द लिहून पाठव. बाई म्हणतात, बाहेरगावी गेलेल्या सभासदांचीही मतं हवीत. तुझा क्रमांक ४१२, तुला आठवत असेलच.

पुस्तिका मार्चमध्ये छापायला जाईल. आई बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगितलं.

तुझा,
डिंक्या

११ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. टपाल हल्ली रमतगमत येतं, तेव्हा मनाला लावून घेत नाही.

काम जोरात आहे. पहिला, दुसरा, तिसरा खंड उतरवून झाला. चौथ्यापाशी गाडी अडली. खरं तर सगळ्यात जास्त भांडणं चौथ्याचीच. अंधाराच्या बाजूला बर्फात अडकलेली थकलेली ड्रॅगनीण, जिला सगळे म्हातारी म्हणतात, आणि तिनंच लहानाची मोठी केलेली ती स्वार. म्हातारीला तरुण ड्रॅगनच्या मागे पट्ट्यानं बांधून स्वार ओढत नेतेय. गाव तीन दिवसांत गोठणार, आणि म्हातारीच्या वजनानं पाच दिवस लागणार. मग पट्टा तुटतो. स्वार गाव वाचवते आणि चौकात उभी राहून सांगते, 'मी तिला सोडलं.' यावर आपल्या वाचनालयात दोन तट पडले होते. एक तट म्हणे कृतघ्न, दुसरा म्हणे कर्तव्यदक्ष. डॉक्टरीणबाईंनी तर दुसऱ्या तटाच्या माणसाची दाढ भूल न देता काढली, अशी बोलवा होती.

पण आता चौथ्या खंडात जे पान आहे ते गेल्या नऊ वर्षांतलंच आहे. त्याच्या आधीचं पान नाही. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "हे कसं काय हो? बाकी सहा खंडांत चाळीस वर्षांचे शेरे, आणि ज्यावर सगळ्यात जास्त भांडले त्यातच नाहीत?"

मी म्हटलं, "बांधणी केली तेव्हा पान भरलं होतं. बदललं."

"बदललं ते ठीक. जुनं कुठाय?"

"बघतो," म्हटलं.

आणि परवा आईनंही विचारलं. वाचायचा चष्मा पुसत सहज म्हणाली, "चौथ्यातलं माझंही छापणार असशील ना रे?" मी म्हटलं, सगळ्यांचंच छापणार. तर म्हणाली, "तिनं वाचलं होतं ना ते?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार?

तुझे शंभर शब्द लवकर पाठव. पन्नास पाठवलेस तरी चालतील.

डिंक्या

१५ फेब्रुवारी

ताई,

आज फार लिहीत नाही, हाताला खळ आहे.

नऊ वर्षांपूर्वी त्या महिन्यात मी एकतीस पुस्तकं बांधली होती. वहीत यादी आहे. त्यातली बावीस कपाटात सापडली. एकेकाची पाठ उकलून बघतोय. बाईंना सांगितलं की कसर लागलीय का ते तपासतो. बाई म्हणाल्या, "कसर फक्त त्याच महिन्यातल्या पुस्तकांना लागली का?" या बाईंपुढे खोटं बोलणं म्हणजे कठीण काम आहे.

आतापर्यंत नऊ उकलली. व्याकरण, दोन प्रवासवर्णनं, घड्याळदुरुस्ती, पाच कादंबऱ्या. सगळ्यांच्या पाठीत जुनी जाहिरातपत्रकं निघाली. चांगली बांधलेली होती गं. माझंच काम, आणि माझ्याच हातानं सोलतोय.

कशासाठी ते विचारू नकोस. म्हणजे विचार. पण आत्ता नको.

२३ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. दोन ओळी, त्यात एक प्रश्न: 'अभिप्राय हवाय म्हणून लिहितोस की आणखी काही आहे? सरळ लिही.' नमस्कार नाही, खाली नाव नाही. तरी अक्षर बघून मी बांधणीच्या टेबलापाशी स्टुलावर बसून राहिलो. बाईंना वाटलं कोणी गेलं.

सरळ लिहितो.

चौथ्या खंडातलं जुनं पान मी काढलं. बांधताना काढलं. पान भरलं होतं, शेवटी बोटभर जागा राहिली होती, आणि नियम असा की पान भरलं की नवं लावायचं. तुला मी त्या वेळी सांगितलंच होतं की पान भरलं म्हणून बदललं. ते खरंच आहे.

आता तू म्हणशील, मग नऊ वर्षांनी हे का सांगतोस.

दुपारभर इथवर येऊन थांबलोय. दोनदा खळ ढवळून आलो, एकदा विनाकारण कात्री धार लावायला दिली. बाई म्हणतात, "तुमच्या अंगात मुंग्या शिरल्यात का?"

उद्या लिहितो. हे आजच टाकतो, नाहीतर फाडून टाकेन.

२४ फेब्रुवारी

ताई,

कालचं पत्र विसर. त्यात पान भरलं होतं एवढंच खरं होतं.

तुला सगळं माहीतच आहे, पण मला क्रमानं लिहू दे, नाहीतर मी पुन्हा कुठंतरी पळवाट काढेन.

आईचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी तुझं नेमणुकीचं पत्र आलं. बॉयलरच्या परवान्याची परीक्षा दिलेली तू एकटी मुलगी, आणि असं पत्र पुन्हा येणार नव्हतं. आईनं अंथरुणातून, शेजारच्या काकू उभ्या असताना म्हटलं, "जा. मला मुलगी झालीच नव्हती असं समजेन." तू म्हणालीस, "समज." आणि पिशवी उचलून मैत्रिणीकडे राहायला गेलीस. रुजू व्हायला महिना होता. तो महिना तू याच गावात, तीन गल्ल्या पलीकडे काढलास. दोघींपैकी कोणी वाकायला तयार नाही.

मग तू वाचनालयात आलीस आणि चौथ्या खंडाच्या शेवटी लिहिलंस, 'स्वाराने बरोबर केले की चूक, ते म्हातारीने सांगावे. बाकीच्यांनी गप्प बसावे. - ४१२.' मला म्हणालीस, "आई दरवर्षी चौथा खंड नेते. तिनं काय लिहिलं ते बघूनच जाईन." मी हसलो होतो. तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात बसून दुसऱ्यांची बोलणी जोडून देणारी बाई, आणि तिच्याशी बोलायला तुला पुस्तक लागतं!

आईला मीच तो खंड नेऊन दिला. तिला काही सांगितलं नाही, तिला ते आपोआप सापडलं. तीन दिवस ठेवला. उशीला टेकून, पाठीला दुखतं तरी, पान पुढं-मागं करत वाचत होती. मग माझ्याकडे देऊन म्हणाली, "परत कर. आणि तिला सांग, पुस्तक परत आलंय म्हणून."

मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून वाचलं. मला तोंडपाठ आहे. नऊ वर्षांत एक शब्द विसरलो नाही:

'सभासद ४१२ यांस. स्वाराने म्हातारीला सोडले का, यावर येथे सगळे भांडतात. पान दोनशे एकतीस पुन्हा वाचावे. पट्टा मागच्या टोकाला आतल्या अंगाने तुटला असे लिहिले आहे. स्वार पुढे, तरुण ड्रॅगनवर बसलेली. तिथे तिचा हात पोचत नाही. तिथे फक्त म्हातारीचे दात पोचतात. तिनेच तोडला. आधी रागाने काहीबाही बोलली असेल, पण पट्टा तिने तोडला, पोरीने जावे म्हणून. मी तीनदा वाचून खात्री केली आहे. पोरीने जावे. सवड झाली की यावे. - ४११.'

ताई, पान दोनशे एकतीस मी नंतर पाहिलं. खरंच तसं लिहिलंय. चाळीस वर्षं एवढे शहाणे वाचक भांडले, पण हे एकट्या आईला दिसलं.

मी ते वाचून काय केलं ते आता लिहितो. मला राग आला. इतका की कानशिलं तापली. तुला कोणी सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस, पण त्याच महिन्यात मलाही प्रवेश मिळाला होता. छपाईचा अभ्यासक्रम, दोन वर्षांचा, वसतिगृहासकट. तू गेल्यावर आईचं भांडं कोण सरकवणार होतं? मी पत्र लिहून जागा सोडली. घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही. आणि जी निघाली तिला 'पोरीने जावे, सवड झाली की यावे'. जो राहिला त्याला काय? 'पुस्तक परत कर.'

त्याच दुपारी मी खंड उकलला. पाठ ढिली होती, निमित्त मिळालं. पान काढलं, नवं कोरं लावलं. संध्याकाळी तू आलीस. मी म्हटलं, "पुस्तक परत आलंय." तू शेवटचं पान उघडलंस. मग म्हणालीस, "आईनं वाचलं होतं?"

"वाचलं. जुनं पान भरलं म्हणून बदललं. तुझ्यानंतर कोणी काही लिहिलं नव्हतं."

तू खंड कपाटात जिथल्या तिथं नीट लावलास आणि गेलीस. मला वाटलं होतं तू ओरडशील, घरी येऊन भांडशील, आणि मग सगळं आपोआप बाहेर येईल. मला दोन दिवसांचा सूड हवा होता. नऊ वर्षं होतील असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं, पण तू पहाटेच्या गाडीनं निघून गेली होतीस. मग आईनं विचारलं, "तिनं बघितलं?" मी हो म्हटलं. एकदा हो म्हटल्यावर रोजच हो म्हणत राहावं लागलं.

म्हणजे तुला वाटतंय आईनं तुला उत्तर दिलं नाही. आईला वाटतंय तिनं दिलं आणि तू वाचून गप्प राहिलीस. आणि दोघींच्या मध्ये मी जेवतोय, झोपतोय, पुस्तकं बांधतोय.

ते पान मी फेकलं नव्हतं. बांधणाऱ्याच्या हातून कागद फेकला जात नाही. त्याच्या उभ्या पट्ट्या कापल्या आणि त्या महिन्यातल्या कुठल्यातरी पुस्तकांच्या पाठीला आतून अस्तर म्हणून लावल्या. कुठल्या, ते आठवत नाही. मुद्दामच बघितलं नसणार. म्हणून पुस्तकं सोलतोय. माझ्या शब्दावर तू का विश्वास ठेवशील? आईचं अक्षर दिसलं तर ठेवशील.

सतरा झाली. पाच उरलीत. बाकी नऊ कुठं गेली देव जाणे.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडानं मागू?

मी

६ मार्च

ताई,

सापडलं. कोंबडीपालनाच्या पुस्तकात. एकविसाव्या, शेवटून दुसऱ्या. पाठ उकलली, ओल्या फडक्यानं खळ भिजवली, आणि कागद सुटला तर आतून आईचं टपोरं अक्षर. एकच पट्टी, चार बोटं रुंद. ओळींची सुरुवात आहे, शेवट नाहीत. 'स्वाराने म्हाता', 'पान दोनशे', 'तिथे फक्त', 'पोरीने जा'. दुसरी पट्टी शेवटच्या पुस्तकातही नव्हती.

बाई मागे उभ्या होत्या. त्यांना सगळं सांगावं लागलं. मला वाटलं नोकरीवरून काढतील. त्यांनी पट्टी उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "माझ्याकडे कसली कबुली देताय? घरी जा." मग दारापर्यंत आल्या. "आणि या बावीस पुस्तकांच्या पाठी कोण शिवणार? परत आल्यावर एकही कोंबडी सैल राहता कामा नये."

दुपारचे तीन वाजले होते. आई खिडकीशी बसून माझ्या सदऱ्याला बटण लावत होती. मी पट्टी तिच्या मांडीवर ठेवली. तिला आधी कळलं नाही. मग कळलं. सुई तशीच सदऱ्यात.

"हे कुठं होतं?"

"कोंबडीपालनाच्या पाठीत."

"तिनं वाचलं नाही?"

"नाही."

"तू काढलंस?"

"हो."

"का रे?"

तुला लिहिलं तेच तिला सांगितलं. छपाईच्या प्रवेशाचंही. सांगताना आवाज चढला, मला आवरेना. ती ऐकत होती. मध्ये एकदा फक्त म्हणाली, "मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "विचारलं नाहीस." ती बरं म्हणाली. तिनं बटण लावून संपवलं, दोरा दातांनी तोडला, सदरा घडी करून ठेवला आणि आत गेली.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. पहिल्या दिवशी मी 'आई, ऐक ना' म्हटलं तर तिच्या जुन्या नोकरीतल्या आवाजात म्हणाली, "कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा." मला हसू आलं आणि तिलाही आलं असावं, कारण तिनं तोंड फिरवलं. पण त्यानंतर तेही नाही. ताट वाढते, समोर ठेवते, उठून जाते. रागावली असती, भांडी आपटली असती तर मला सोसलं असतं. हे मुकाट वाढणं सोसत नाही. घरात दोन खोल्या, मी या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालतोय. ती पुस्तक उघडं धरून बसते पण पान उलटत नाही.

पुस्तिका मंगळवारी छापायला गेली. चौथ्या खंडाखाली बाईंनी स्वतः एक ओळ घातली, 'या खंडावरील जुने शेरे आमच्या निष्काळजीपणामुळे गहाळ झाले, याबद्दल वाचनालय दिलगीर आहे.' मी म्हटलं, निष्काळजीपणा नव्हता तो. बाई म्हणाल्या, "ते तुम्ही ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

मोजणीदार काकांना पान दोनशे एकतीसबद्दल सांगितलं. काका तिथंच उभ्यानं वाचू लागले, मग खुर्ची मागून घेतली. म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं मी त्या मुलीला उगीच शिव्या घातल्या."

तुझं काही आलं नाही. येणार नाही असं धरून चाललोय. तरी टपालवाला दिसला की उठून उभा राहतो.

डिंक्या

१४ मार्च

ताई,

हे पत्र टपालानं येणार नाही. तुझ्या कारखान्याचा रखवालदार आत नेऊन देणार आहे. भला माणूस आहे, त्यानं कागदही त्याच्याच वहीतला दिला.

आम्ही दोघं गेटबाहेर बाकावर बसलोय. हो, दोघं. काल सकाळी आईनं कपाटावरून पिशवी काढली आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "तिकडची गाडी किती वाजता?" मी म्हटलं, अकरा. "दोन तिकिटं काढ." मी म्हटलं, माझं काय काम? म्हणाली, "सांगायचं तुलाच आहे. तिच्यासमोर, तुझ्या तोंडानं. पत्रात माणूस वाकतो तो दिसत नाही."

मी ती पट्टी पाकिटात घालून घेत होतो. म्हणाली, "ती राहू दे घरी. कागदावर भरवसा ठेवला तिथंच चुकलं. तीन गल्ल्या होत्या रे. हाड मोडलं होतं, जीभ नव्हती मोडली. तुझ्याकरवी निरोप तरी धाडायचा होता, 'ये' म्हणून. एवढा एक शब्द." मग गाडीत, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझी ती छपाईची जागा, आता मिळत नसेल ना?" मी म्हटलं, एकतिसाव्या वर्षी कोण देणार. तिनं माझा हात हातात घेतला, तळव्यावरची खळ नखानं खरवडून काढली आणि तसाच धरून बसली. मी रडलो, ताई. समोरच्या बाकावरचा माणूस वर्तमानपत्राआड गेला.

आता सव्वापाच. रखवालदार म्हणतो, साडेपाचला शिट्टी, आणि तुझी पाळी आज आहे. आईनं दोनदा केस सारखे केले. मला विचारते, "ओळखेल ना मला? वाळलेय मी." चालताना अजून डावा पाय ओढते, तुला माहीत नसेल. तू किती वर्षांनी दिसणार म्हणून चष्मा काढून पुसते, आणि पुसलेला पुन्हा पुसते. तिनं ठरवलंय की काही बोलायचं नाही, आधी नुसतं बघायचं. मला वाटतं तिच्याच्यानं होणार नाही.

माझं बोलणं पाठ करून आणलं होतं. गाडीत सगळं विसरलो. एवढंच म्हणेन की मी तुम्हा दोघींची नऊ वर्षं चोरली आणि ती परत देता येत नाहीत. पुढचं तू काय म्हणशील ते.

तुला यायचं नसेल तर मागच्या बाजूला कोळशाचं गेट आहे, रखवालदारानं सांगितलं. तिकडून गेलीस तर आम्हाला दिसणार नाहीस. तसं झालं तर मी आईला सांगेन की आज तुझी सुट्टी होती, आपण चुकीच्या दिवशी आलो.

नाही. तसं नाही सांगणार. तू आत होतीस, पत्र तुला मिळालं, आणि तू आली नाहीस, असंच सांगेन. माझ्या शेजारी बसून ती ते ऐकेल, आणि मी तिला घरी घेऊन जाईन.

रखवालदार हात पुढे करतोय. देतो त्याच्याकडे.